बोगदा बंद होता

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ८.४०, ब्रिग स्टेशन, स्वित्झर्लंड.
आज नक्की. डोंगरापलीकडे, इटलीत, डोमोडोसोलाला उतरायचं, सरळ धाकट्या बहिणीचं, रोझविटाचं दार वाजवायचं आणि सांगायचं: एत्तोरेच्या अंत्यविधीला मी आलो नाही, आणि बोगदा बंद होता ही थाप होती. एवढंच. एत्तोरे तिचा नवरा; त्याने जन्मभर त्याच बोगद्यातले रूळ तपासले, त्यामुळे थाप जरा जास्तच वाईट झाली. दोन वर्षं झाली त्याला. खरं कारण, शवपेटी बघितली की माझे पाय लटपटतात. ते सांगायची गरज नाही.

दुपारी १.
बोगद्यात वाक्य चार वेळा म्हटलं. उत्तम जमलं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून आधी बाजारात. चीजवाल्या पिएराने नेहमीसारखा एक तुकडा जास्त दिला. राहू द्या काका, घरचं समजा, म्हणाली. दोन वर्षं देतेय. माझ्या बोलण्यातच काहीतरी आहे. मग गाडीची वेळ झाली.

१२ ऑक्टोबर.
रोझविटाच्या खिडक्या बाजारावरच उघडतात. दाराच्या घंटेपर्यंत गेलो. एक झडप अर्धी बंद होती, म्हणजे झोपली असणार. सकाळी अकराला. या वयात विश्रांती हवीच. (माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.) तिला उठवणं हा स्वार्थ झाला असता. तुकडा मिळाला.

१९ ऑक्टोबर.
पत्र लिहिलं. अडीच पानं, पैकी दोन हवामान. पोस्टात टाकणार होतो, पण हातात देण्यात जी माया आहे ती पोस्टात नाही. अजून खिशात आहे.
परतीच्या गाडीत कस्टमवाल्याने विचारलं, एक किलोच्या वर मांस आहे का? नाही म्हटलं. सलामी सव्वा किलो होती. तेव्हापासून जेवण जात नाही. खोटं बोलून माणूस आतून पोखरला जातो. सलामीबद्दल म्हणतोय.

२ नोव्हेंबर.
मृतांचा दिवस. एत्तोरेसाठी शेवंतीची कुंडी घेतली. बोगदाभर ती शेजारच्या सीटवर ठेवून तिच्याशीच बोललो. सगळं सांगितलं, पायांचंसुद्धा. डोळे भरून आले. डोमोडोसोला आलं, घाईघाईत उतरलो. कुंडी सीटवरच राहिली, गाडीबरोबर पुढे मिलानला गेली. कुंडीशिवाय कबरीपाशी जाणं म्हणजे एत्तोरेचा अपमानच.
पिएराने आज मोठा तुकडा दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एकाहत्तरचा आहे. सावध राहिलं पाहिजे.

९ नोव्हेंबर. सकाळी ११.
तुकडा नाही. गमतीने विचारलं, काय गं, माया आटली?
ती म्हणाली, अहो काका, तुकडा माझा कधी होता? वरच्या रोझविटाबाई पैसे देऊन ठेवायला सांगायच्या. दर शनिवारी खिडकीतून बघायच्या, आला गं दादा, दे त्याला. सोमवारी गेल्या त्या तुरिनला, लेकीकडे. कायमच्या.
मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, त्यांनीच बजावलं होतं, त्याला हटकू नकोस, बोगदा उघडलाय हे त्याला अजून कळलेलं नाही.
वर बघितलं. सगळ्या झडपा बंद.

संध्याकाळी ६.
तुरिनला जायचं. डिसेंबरात. तिकडे तेव्हा धुकं असतं, म्हणजे मार्चमध्ये.
मला लाज वाटतेय. फ्रीजमध्ये गेल्या शनिवारचा तुकडा शिल्लक आहे. हात लावायचा नाही. तो घेऊनच तिच्यासमोर उभं राहायचं.

६.२०.
खाल्ला. रडत खाल्ला, पण खाल्ला.