भिवराबाईंचा फोटो आणि दोन मिनिटं शांतता

पाटोदा,
१२ मार्च

चि. सौ. धनश्रीस,

पंडितमामाचे पाटोद्याहून मनापासून आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, माझा डावा गुडघा सोडून. तुझी आई लिंबागणेशला मजेत आहे. कालच तिचा फोन आला होता. घसा बसलाय, बोलवत नाही, हे तिने पाऊण तास सांगितलं. जावईबापूंना तिकडची थंडी मानवली का? (परळीच्या वीजकेंद्राच्या राखेत वाढलेला माणूस, त्यांना तो बर्फ म्हणजे थंड राखच वाटत असेल.) मामा फोनवर दोन ओळी टाकायच्या सोडून कागद कशाला काळे करतोय, असं तू म्हणशील. पण फोनवर लिहिलेलं पुसता येतं, आणि या खेपेला माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

तर मूळ भानगड तुझ्यामुळे झाली. फेब्रुवारीत तू तो लांबलचक मजकूर पाठवलास, तुमच्या ओटावाच्या सरकारी ऑफिसात कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासाचा महिना कसा पाळतात त्याचा. तुझ्या साहेबबाई रोझलिन, त्यांचे वाडवडील दोनशे वर्षं त्याच देशात, तरी अजून ज्याला त्याला आपण मूळच्या कुठल्या हे सांगत बसावं लागतं. त्यांच्या बढतीचा कागद सात वर्षं कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. आणि आता त्या नि त्यांची संघटना नुसते फोटो लावून केक कापत नाहीत, तर कुणाचा कागद कुठे अडकलाय हे नाव घेऊन विचारतात. हे सगळं मी चहाच्या वेळी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. (फोटो आणि केकपर्यंतच वाचलं. पुढे चहा निवत होता.)

आमचे नवे साहेब अमरसिंह, वय तिशीचं, उत्साह दहावीच्या पोराचा. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, आपणही करायचं. आता करायचं कुणाचं? आमचा शिपाई परमेश्वर शर्टाची बाही वर करून म्हणाला, ‘रंगावर असंल तर माझाच सत्कार करा, सायेब.’ मग एकेकाने बाह्या सारल्या, आणि त्या मोजमापात मी पहिला आलो हे कळवायला मला मुळीच लाज वाटत नाही. साहेब हसले, पण मग त्यांनी एक गोष्ट बरी सांगितली. तिकडे कातडी बघून लोकांना उंबऱ्यावर ठेवलं, इकडे जात बघून ठेवलं. आपल्या कचेरीच्या उंबऱ्यावर कोण राहिलं ते बघा. साहेबांच्या खोलीत आजवरच्या एकोणीस साहेबांचे फोटो आहेत, सगळे खुर्चीत बसलेले. त्या खुर्च्या पुसणाऱ्याचा एकही नाही. तेव्हा कुणीतरी भिवराबाईंचं नाव काढलं.

भिवराबाई वडारवस्तीतल्या. कचेरीचे दगड त्यांच्या वडिलांनी घडवले, आणि त्याच कचेरीत त्यांनी तेहतीस वर्षं पाणी भरलं, टपाल वाटलं. नोकरीच्या यादीवरची पहिली बाई, आणि पहिली कित्येक वर्षं चहा मात्र दाराबाहेर बसून घ्यायच्या. त्यांची नात स्वप्ना आज आमच्याकडे शिपाई आहे. कारकुनाची परीक्षा पास होऊन तिला दोन वर्षं झाली. बढतीचा प्रस्ताव वरच्या ऑफिसात अडकलाय. (मी पाठपुरावा करतोच आहे.) रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवताना ती एकदाच विचारते, ‘काका, काई आलं का?’ मी मान हलवतो. ती पुढच्या टेबलाकडे जाते.

फेब्रुवारीअखेरचा दिवस ठरला आणि कार्यक्रमाची समिती नेमली, म्हणजे मला नेमलं. स्वप्नाला आधी काही कळू द्यायचं नाही, आजीचं कौतुक बघून तिला आनंदाचा धक्का बसू दे, असं ठरलं. भिवराबाईंच्या सर्व्हिस बुकातला जुना फोटो काढून परमेश्वरबरोबर बाजारातल्या स्टुडिओत मोठा करायला धाडला. आणि इथेच घात झाला. आपल्याकडे म्हातारीचा फोटो मोठा करायला दिला की फोटोवाला पुढचं काही विचारत नाही. त्याने काळी चौकट ठोकली आणि वर लाल मिणमिणता दिवा बसवून दिला. दिवा बघून परमेश्वरने वाटेत झेंडूचा हार घेतला. हार बघून मी घरून समई आणली. (खरंच गं, मला वाटलं फोटोवाल्याला नि परमेश्वरला काहीतरी कळलं असेल. निवृत्त झाल्यावर भिवराबाईंची चौकशी मी एकदाही केली नव्हती.) आणि समई बघून साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि जड आवाजात सांगितलं, आपण सर्व जण दोन मिनिटं शांत उभे राहू या.

उभे राहिलो. माझा गुडघा कुरकुरत होता तेवढाच आवाज. इकडे परमेश्वरच्या पोटात काही राहत नाही हे मी विसरलो होतो. त्याने सकाळीच, फोटो आणायला जायच्या आधी, स्वप्नाला सांगून टाकलं होतं की तुझ्या आजीचा सत्कार आहे. ती बिचारी वस्तीवर जाऊन आजीला नवं लुगडं नेसवून घेऊन आली. दोघी दारात आल्या, सगळे माना खाली घालून उभे दिसले, तशा त्याही मान खाली घालून उभ्या राहिल्या. मिनिट संपलं, दुसरंही संपलं, आणि मागून खणखणीत आवाज आला, ‘कोन गेलं वो?’

धनश्री, त्यानंतर जे झालं ते कुठल्याही शिष्टाचाराच्या पुस्तकात नाही. साहेब मटकन खुर्चीत बसले. परमेश्वर समईच्या मागे लपायला गेला. (परमेश्वर अंगाने केवढा आणि समई केवढी!) भिवराबाई काठी टेकत फोटोपाशी आल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि पोट धरून हसायला लागल्या. ‘आगं सपने, ही तर मीच हाय की!’ मग त्यांनी फोटोवरचा हार उतरवला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. म्हणाल्या, ‘फुलं ताजी हायती तवर जित्या मानसानं घालावीत. फोटूला कशाचा वास येतो?’ आधी स्वप्ना हसली, मग साहेब, आणि मग सगळी कचेरी. केक कापला. भिवराबाईंनी एकोणीसही फोटोंसमोर काठी फिरवून सांगितलं, हा मनाचा चांगला होता, हा बायकोला भ्यायचा, आणि ह्यानं एकदा खुर्ची ओढून मला आत बसवून चहा दिलता. त्या एका साहेबाचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना होतं.

जाताना त्या दारात थांबल्या. त्यांनी ना तुझा मजकूर वाचला होता, ना रोझलिनबाईंचं नाव ऐकलं होतं. म्हणाल्या, ‘फोटू लावला, लई चांगलं केलं. पर आमच्या सपनीचा कागद कुठं अडकलाय, त्ये सांगा.’ पुन्हा दोन मिनिटं शांतता झाली, या वेळी कुणी न सांगता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणालो, वरून आलं नाही. बाकी कार्यक्रम छान झाला. फोटो आता त्या एकोणिसांच्या रांगेत विसावा लागलाय. चौकट बदलली, लाल दिवा काढला.

जावईबापूंना नमस्कार. थंडीत अंगभर कपडे घालत जा.

तुझा,
पंडितमामा

ता. क. – वरून आलं नव्हतं, कारण वर गेलंच नव्हतं. स्वप्नाचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर होता. एकदा जन्मतारखेची त्रुटी काढली, एकदा झेरॉक्स पुसट म्हणून बाजूला ठेवला, आणि मग ज्या गठ्ठ्यावर मी रोज जेवणाचा डबा ठेवतो त्याच्या तळाशी तो गेला. मुद्दाम केलं का? तसं नाही. पण ती पोर साहेबाच्या घरची असती तर डबा दुसरीकडे ठेवला असता, हे मला कळतं. माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी जाऊन प्रस्ताव काढला, साहेबांपुढे ठेवला, आणि कुठे होता तेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ता. क. २ – काल आदेश आला. सोमवारपासून स्वप्ना माझ्या समोरच्या टेबलावर कारकून म्हणून बसेल. खरं काम आता सांगतो. रोझलिनबाईंना विचार की त्यांचा कागद दाबून बसलेला माणूस त्यांना कधी भेटला का, आणि भेटला तर त्याने काय म्हणावं असं त्यांना वाटत होतं. मला सोमवारच्या आत कळव.

ता. क. ३ – पत्र पोचायलाच वीस दिवस लागतात हे आत्ता ध्यानात आलं. म्हणजे मलाच काहीतरी बोलावं लागणार. तुला हे मिळेल तेव्हा बोलून झालेलं असेल. बरोबर बोललो का, तेवढं त्यांना विचार.

ता. क. ४ – पाकीट चिकटवत होतो तर स्वप्ना आली, म्हणाली, ‘द्या काका, टपाल घिऊन जाते.’ माझा हात पुढे होईना. तिला बस म्हटलं, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि गुडघा ओढत पोस्टात मीच निघालोय.