मुलगा पुण्याला असतो

मंगळवार, संध्याकाळ. दिवा, जि. ठाणे.

आज खोटं बोलले. तेही कामावर असताना.

माझ्या भागातल्या सुप्रियाचं दीड वर्षाचं बाळ न्यूमोनियातून बरं होऊन परवा घरी आलं. भाताने कफ वाढतो असं तिच्या सासूबाईंनी ठरवलेलं, म्हणून दोन दिवस नुसतं पेजेचं पाणी. मी सुप्रियाला समजावत होते. आधी नाक साफ कर, बसवून भरव, थोडं थोडं दे पण सारखं दे. आणि फुंकर मारू नकोस गं, ताटलीत पसरलं की गार होतंच.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला मुलं किती?"

आरोग्य केंद्राची आशाताई म्हणून दारोदार फिरते, हा प्रश्न नवा नाही. मूल नाही म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. पण म्हणून?

"एक मुलगा. पुण्याला असतो," म्हणाले मी.

"आजारी पडला की काय द्यायचात?"

"मऊ भात, वर तूप." इतकं पटकन कसं सुचलं मला?

सासूबाईंनी स्वतः उठून कुकर लावला. बाळाने सहा चमचे खाल्ले. सुप्रिया रडायलाच लागली. मग चुकलं का माझं? कळत नाही.

एरवी एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. आज लावला. मऊ भात, वर तूप. पहिला चमचा उचलला, हळूच फुंकर मारली, आणि स्वतःच्या तोंडात घालायच्या ऐवजी समोर धरला.