रस्त्यावर अंथरलेला कांगा

आई,
म्वान्झाहून तुझ्या न्यामिझीचा नमस्कार. मी नीट जेवतेय, काळजी करू नकोस.

काल विरोधी पक्षाची सभा होती. नेत्याच्या स्वागताला आम्ही बायकांनी कमरेला गुंडाळलेले रंगीत कापडाचे कांगे सोडून रस्त्यावर अंथरले. तू दिलेलाही अंथरला. पण नेत्याला पोलिसांनी वेशीवरच अडवलं. आला तो त्यांचा ट्रक, आणि कांग्यांपाशी येऊन थांबला. सरोवराच्या वाऱ्यावर सगळे रंग लाटांसारखे हलत होते.

"घाल ट्रक वरून," आतला पोलीस साहेब ड्रायव्हरला म्हणाला.

"माझ्या आईचाही असाच आहे, साहेब. तुम्हीच चालवा," ड्रायव्हर म्हणाला.

साहेब हलला नाही. शेवटी ट्रक मागे वळला आणि आम्ही आपापले कांगे उचलले.

तुझा गुडघा कसा आहे? कांगा धुऊन वाळत घातलाय.

आज त्या ट्रकवर दुसराच ड्रायव्हर होता. प्रार्थनेला बसशील तेव्हा कालच्या ड्रायव्हरच्या आईलाही आठव.

तुझीच,
न्यामिझी