सीताफळावरच्या पांढऱ्या अळ्या

पिंगळी, मंगळवार, दिवेलागण

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सहा वर्षांत पहिल्यांदाच माझं ऐकलं आणि त्यातच सगळं गेलं.

सीताफळांवर पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी पांढरी, कापसासारखी कीड, आली तेव्हा ते फवारू म्हणत होते. मीच हट्ट धरला, फवारायचं नाही, ढेकूण खाणारे भुंगेरे आणून सोडायचे. सोडले. त्यांच्या अळ्याही झाल्या. पण मलाच धीर नव्हता. सकाळी शाळेच्या घाईत सांगून गेले, "मामा, पांढरं दिसलं की वेचून साबणाच्या पाण्यात टाका."

भुंगेऱ्यांच्या अळ्याही तशाच पांढऱ्या, कापूस चिकटवल्यासारख्या असतात. मला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?

घरी आले तर पायरीवर डबा. मामा खुशीत. "मोठे मोठे समदे वेचले बघ. लय पळायले होते, पर एक बी सोडला न्हाई."

ढेकूण असा पळत नाही. पळतात त्या अळ्या. डब्यात त्याच तरंगत होत्या, आणि बागेत ढेकूण फळांच्या खाचांत होता तिथेच, निवांत.

मी खरं ते सांगितलं. मामा डब्यात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तूच म्हनली होतीस की, माय."

चिडले असते तर बरं झालं असतं. डबा अजून पायरीवरच आहे. त्यांना फवारू दिलं असतं, तर आज निदान औषधाला शिव्या देता आल्या असत्या.