आईच्या फोटोच्या मूळ फाइलीबाबत

मी, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, घरीदारी ‘मोठी’ म्हणून ओळखली जाणारी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भरीसही पाडलेलं नाही. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही. याआधी मी लिहिलेलं मृत्युपत्र कोणाला सापडलं तर ते रद्द समजावं. ते रागाच्या भरात लिहिलं होतं.

कलम १. राहतं घर मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं, दोघांच्या स्वतंत्र नावाने. मुलगा म्हणेल, एकत्रच लिहायचं की. नाही लिहिलं. गेल्या बारा वर्षांत घरातली प्रत्येक गळकी तोटी सुनेने दुरुस्त केली आहे, आणि मुलाने शेजारी उभं राहून बॅटरी धरली आहे. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. तिला काय शिकायचं ते तीच ठरवेल, बाकीच्यांनी मध्ये पडू नये.

कलम २. दुकानाची जागा भाड्याची आहे, ती मालकाला परत करावी. कॅमेरे, दिवे, पडदे आणि कागद कापायचं यंत्र मुलाला. यंत्राचं पातं अजून धारदार आहे, बोटं सांभाळ रे. शेजारच्या घड्याळवाल्यांनी सहा वर्षांपूर्वी नेलेली लोखंडी शिडी मी त्यांनाच देऊन टाकणार होते, म्हणजे मला बघून दुकानात लपायची त्यांची सवय सुटली असती. पण वकीलबाई म्हणाल्या, घड्याळवाले या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. तेव्हा शिडी त्यांना दिलेली नाही. ती त्यांनी परत आणावी.

कलम ३. आता मुद्द्याचं. मागच्या खोलीतल्या कपाटात बावीस वर्षांचे फोटो डिस्कवर आहेत. लोकांची लग्नं, मुलांचे पहिले वाढदिवस, शाळेचे वर्गच्या वर्ग. यातली निम्मी माणसं आज नाहीत, आणि कोणी ना कोणी अजूनही येऊन विचारतं, आमच्या बाबांचा फोटो असेल का हो तुमच्याकडे. असतो. मुलाचं म्हणणं, सगळं बारीक करून फोनवर टाकू, जागा वाचेल. बाळा, तू मनाने फार चांगला आहेस, पण कपाटाला हात लावू नकोस.

ज्याच्या ताब्यात कपाट जाईल त्याने असं करावं. जुन्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, आणि ते आता फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. तो धापा टाकतो आहे. तो बंद पडायच्या आत त्या सगळ्या फाइली टिफ या प्रकारात काढून घ्याव्यात. कच्च्याही फेकू नयेत. टिफ भरपूर जागा खाते, पण टिपलेलं काही टाकून देत नाही आणि कुठेही उघडते. जेपेग फक्त लोकांना पाठवायला. ती लहान असते कारण बनतानाच ती डोळ्याला चटकन कळणार नाही असा बारकावा सोडून देते. एकदा सोडला तर बिघडत नाही. पण तीच उघडून, काहीतरी बदलून, पुन्हा सेव्ह करायची नाही. का, ते पुढच्या कलमात आहे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. काही फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन खरी’, ‘शेवटची’ आणि ‘शेवटची आता नक्की’ अशी आहेत. ती मीच दिली आहेत. आधी हसून घ्यावं, मग तारीख घालून नावं बदलावीत.

कलम ४. हे कलम माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे आणि ते लिहायला मला तीन दिवस लागले.

दुकान मूळ आईचं. तिने जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा काढू दिला नाही. पहिला डिजिटल कॅमेरा आला त्या दिवशी धाकटीने तो आईवर रोखला. आई म्हणाली, “अगं, मी फोटो काढते, माझे काढत नाहीत,” आणि हसली. चष्मा कपाळावर, हातात गिऱ्हाइकाचं पाकीट. तो एकच फोटो. धाकटीने कॅमेरा टिफवर ठेवला होता, एका फोटोत कार्ड भरत आलं, म्हणून मी तिला बोललेसुद्धा. पुढे दोन वर्षांनी आई गेली. त्या फोटोची एकच प्रत छापली होती, ती मी हौसेने दुकानाच्या काचेत लावली. उन्हाने ती पांढरी पडली.

माझ्याकडे त्याची छोटी जेपेग होती. दरवर्षी आईच्या वाढदिवसाला मी ती उघडायचे. थोडा उजेड वाढव, पदराचा रंग जरा खुलव, गालावरचा डाग काढ, आणि सेव्ह. त्याच नावाने, त्याच फाइलीवर. तेवढा वेळ आईजवळ बसल्यासारखं वाटायचं. दुकानाच्या डिस्क धाकटी सांभाळायची. त्या भरल्या तेव्हा मी तिला सगळ्या मोठ्या फाइली पुसायला लावल्या. आईचीही पुस म्हटलं, माझ्याकडची छोटी पुरे आहे. ती माझ्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसली आणि मग म्हणाली, “पुसली.”

अकरा वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की आईचा गाल फरशी बसवल्यासारखा चौकोनी दिसतो आहे. माझी ती छोटी फाइलही धाकटी सांभाळायची त्याच डिस्कवर असायची. डिस्क तिने बिघडवली असं धरून मी गिऱ्हाइकांसमोर तिला म्हटलं, “आई दुसऱ्यांदा गेली, ती तुझ्यामुळे.” तिने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि निघून गेली. दोन गल्ल्या पलीकडे तिने झेरॉक्सचं दुकान टाकलं. भाजीबाजारात आम्ही समोरासमोर आलो तर दोघीही टोमॅटो निवडायला लागतो. मी मात्र दरवर्षी फोटो दुरुस्त करतच राहिले, आणि तो दरवर्षी आणखी बिघडत गेला. गेल्या वर्षी आईचे डोळे ओळखू येईनात.

सून जुनी कागदपत्रं जपायच्या कामावर आहे. मागच्या महिन्यात तिने माझाच एक फोटो घेतला, वीस वेळा उघडून, थोडा थोडा बदलून सेव्ह केला, आणि पहिला व विसावा शेजारी ठेवले. माझा गालसुद्धा तस्साच झाला होता. ती हळूच म्हणाली, “डिस्कचा दोष नव्हता हो.” एवढंच. मग तिने चहा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही, हे मी विसरणार नाही.

तेव्हा लिहून देते: आईचा चेहरा मी पुसला. मूळ फाइल मी पुसायला लावली आणि उरलेली मी स्वतः सेव्ह करून करून संपवली. धाकटीचा काडीचाही दोष नाही. हे मी गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, म्हणून या कलमाची मोठ्या अक्षरातली प्रत दुकानाच्या काचेत लावावी. उन्हात नको.

कलम ५. या मृत्युपत्रात धाकटीला काहीही ठेवलेलं नाही. ए बाई, लगेच तोंड फिरवू नकोस, पुढे वाच. साक्षीदार म्हणून मला तूच हवी आहेस, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, हे शिडीच्या वेळी कळलं. म्हणून कपाट, जुना कॉम्प्युटर आणि अकरा वर्षं काउंटरच्या खणात पडलेली तुझी किल्ली मी जिवंतपणीच, तू सही करायच्या आधी, तुझ्या हातात देणार आहे. एवढे फोटो सांभाळायची अक्कल आमच्यात तुझ्याकडेच होती. काल घड्याळवाल्यांच्या हाती तुला चिठ्ठी आणि कलम ४ ची प्रत पाठवली. त्यांनी सांगितलं, तू दोन्ही वाचलंस आणि पुन्हा झेरॉक्स काढायला लागलीस.

आता अकरा वाजले आहेत. वकीलबाई आल्या आहेत, घड्याळवालेही आले आहेत, शिडीशिवाय. तू आली नाहीस तर बारा वाजता वकीलबाईंचे कारकून सही करतील आणि कपाट सुनेकडे जाईल. मला तू यायला हवी आहेस.

कलम ६. माझ्या मागे माझा कुठला फोटो लावायचा तो लावा. उजळ करू नका. सुरकुत्या माझ्याच आहेत.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे, मला ते कबूल आहे, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: आज, आईचा वाढदिवस. फोटो उघडलेला नाही.

लिहून देणार: मोठी (सही)

साक्षीदार १: शेजारचे घड्याळवाले (सही)

साक्षीदार २: धाकटी (सही), सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. किल्ली मिळाली.

साक्षीदार २ ने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर, वकीलबाईंनी हरकत घेऊनही: ताई, तेव्हा पुसली म्हणाले, पण पुसली नव्हती. नंतर रागाने सांगितलं नाही, ती माझी चूक. टिफ सोबत आणली आहे. आईचे डोळे आहेत तसेच आहेत. आता उघडू या, पण तू माउसला हात लावायचा नाही. फक्त बघायचं.