टाकानिनीतली पितळी पाटी

१४ एप्रिल २००७
रोजनिशी पुन्हा सुरू. निवृत्त झाल्यावर बंद पडली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. इथेही घडत नाही, पण आमच्या मुलाच्या, देवव्रतच्या, ऑफिसची कोरी डायरी घरात पडून होती.

इथे परदेशात, टाकानिनीला त्याच्याकडे येऊन पाच महिने झाले. आज त्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अगदीच पोरगेलासा. "हाय बाळ!" म्हणाला. सूनबाईंनी नाव नोंदवताना बाळकृष्णचं बाळ केलं होतं, इथल्या लोकांना सोपं जावं म्हणून. पाटबंधारे खात्यात चीफ इंजिनिअरसुद्धा मला फणसळकर म्हणायचे! बीपी एकशे सत्तर निघालं. खोलीत शिरताना नक्कीच कमी असणार.

रोज एक गोळी. चुकवलीत तर झटका येऊ शकतो, असं म्हणाला. यांना घाबरवायला शिकवतात.

१७ एप्रिल
नातवाला, वेदांतला, लायब्ररीत घेऊन गेलो. रस्ता त्यालाच माहीत होता. तिथे एका मासिकात लेख सापडला. वरच्या पदावरच्या माणसांची हृदयं म्हणे जास्त टिकतात. एवढंच नाही, माणूस स्वतःला किती वरचा समजतो, यावरही तब्येत ठरते.

म्हणजे माझा आजार मिठाचा नाही, दर्जाचा आहे! तिकडे जीप होती, शिपाई होता, बंगल्यावर माळी होता, तेव्हा बीपी एकशे वीस. इथे गाडीत मागे, वेदांतच्या बूस्टर सीटशेजारी. डॉक्टरला जे जमलं नाही ते निदान मी केलं.

संकल्प. दारावर पाटी लावणे. एखादं अध्यक्षपद मिळवणे. गोळी बंद. ती पायरीवरून घसरलेल्या लोकांसाठी असते.

१८ एप्रिल
बायको, म्हणजे वसुधा, समोर उभी राहून गोळी घ्यायला लावते. जिभेखाली धरली, मग कोरफडीच्या कुंडीत टाकली. अंगात लगेच हुशारी वाटली.

२० एप्रिल
पाटी बसवली. पुण्याहून टॉवेलात गुंडाळून आणली होती. अस्सल पितळ, इंग्रजी अक्षरं कोरलेली: बी. जी. फणसळकर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, १९६९–२००२. घरचे कामावर गेल्यावर लेटरबॉक्सवर स्क्रूने घट्ट केली. इथे सगळ्या लेटरबॉक्सांवर नुसते आकडे. माणसं राहतात की कैदी?

ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जाऊन तीनदा बघून आलो. छाती भरून आली. थोडी दुखलीही. आनंदाने.

२१ एप्रिल
पाटीचा परिणाम दिसू लागला. समोरच्या घरातली शेजारीण मेरे सकाळीच बनाना केक घेऊन आली. वसुधाला मिठी मारली, बराच वेळ सोडेना. मी आतून ऐकत होतो. काय सन्मान!

मग मी बाहेर आलो आणि मेरे किंचाळली.

इथे म्हणे अशा पाट्या मेलेल्यांच्या नावाने लावतात. बागेतल्या बाकांवर असतात, नाव आणि खाली साल. मी दोन हजार दोन साली गेलो, असा तिचा समज झाला. वसुधा इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण मी जिवंत निघाल्यावर माणसाने इतकं हसू नये.

केक मी खाल्ला नाही. आपल्याच दिवसांचं कसं खाणार?

२२ एप्रिल
देवव्रतने पाटी उतरवली. गराजमध्ये सुरक्षित आहे, म्हणाला. बघून आलो. बार्बेक्यूच्या कोळशाच्या पोत्यामागे आहे.

डोकं जड. कोरफड मात्र अगदी शांत दिसते.

२९ एप्रिल
पाटीचं जाऊ दे. शनिवारी आम्हा मराठी आजी-आजोबांच्या मंडळाची स्थापना. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नाही. अनुभव असलेला मीच. बाकी सगळे भाजी निवडणारे. एक जगदीश तर एसटीत कंडक्टर होता. मुलीकडे राहतो, दिवसभर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून फिरतो, भेटेल त्याला नमस्काराऐवजी इथलं "किया ओरा" म्हणतो. बीपी नॉर्मल आहे, असं न विचारता सांगतो. दर्जाची जाणीवच नसेल तर वाढणार कुठून?

अध्यक्षीय भाषण लिहिलं. वेदांतला वाचून दाखवलं. "हीप्स लाँग, आजोबा," म्हणाला, म्हणजे फारच लांबलचक.

५ मे
मंडळ स्थापन झालं. पाटी पिशवीतून नेली होती, पुढ्यात ठेवावी म्हणून. पण टेबलच नव्हतं. सगळे चटईवर.

मी घसा खाकरून उठलो, तेवढ्यात जगदीशने नाव सुचवलं. वसुधाचं. कुठली बस कुठे जाते, कुठल्या डेअरीत (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) कोथिंबीर मिळते, कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय, हे वहिनींनाच माहीत, म्हणाला. सगळ्यांचे हात वर. मी तटस्थ राहिलो. कुणी मोजलं नाही.

वसुधा आधी नको-नको म्हणाली, मग लाजली, मग "बरं" म्हणाली. इतकी सुंदर ती बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती. मला तिचा राग आला. माझ्याकडे चटई आणायचं आणि न्यायचं काम आहे.

६ मे
लेखाचा पुन्हा विचार केला. स्वतःला वरचा समजणं पुरेसं आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. सकाळपासून समजतो आहे. डावा हात मुंग्या आल्यासारखा. चटईचं वजन.

१३ मे
देवव्रतने केमिस्टकडे बीपी मोजून घेतलं. एकशे अठ्ठ्याण्णव. मशीन जुनं असावं. बाई घाबरली, पण तिला कुठे ठाऊक मी कोण आहे.

वसुधाला फोनवर फोन. श्रावणात काय करायचं, म्हणून लोक तिला विचारतात. मला विचारतात, वहिनी आहेत का.

२१ मे
हॉस्पिटल. काल चटई उचलताना पडलो. डावी बाजू जरा आळसावली आहे. ओळी तिरक्या येताहेत, पलंग हलत असावा.

वसुधाला कोरफडीतल्या गोळ्या सापडल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझा हात धरून बसली, तोच, ज्याला कळत नाही. आत्ता जगदीशबरोबर कॉरिडॉरमध्ये गेली आहे. डॉक्टरशी तीच बोलते.

मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली आहे. नाव, जन्मतारीख, एक नंबर. या देशात माझ्या नावाची पाटी लागली एकदाची, आणि ही कुणी उतरवणार नाही. नर्सला म्हटलं, खाली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर लिहा. दोनदा सांगितलं. तोंडातून शब्द नीट निघत नाहीत, पण तिला कळलं. ती प्रेमाने म्हणाली, तिथे जागा नाही, बाळ, फक्त अ‍ॅलर्जी असेल तर लिहितात.

मला रडू आलं. उजव्या डोळ्यातलं पुसता आलं. डाव्या डोळ्यातलं तिने पुसलं.