काळ्या दोरातली तार

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? छोटीचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, फक्त सोमवारपासून अन्नावर वासना नाही.

कामाचं तू नेहमी विचारतेस. प्लास्टिकच्या दाट द्रावणात आम्ही ग्राफीन मिसळतो, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्या पदार्थाचे अतिशय पातळ पापुद्रे, आणि बारीक भोकातून तंतू ओढतो. पापुद्रे सरळ पसरले तर तंतू पोलादाला भारी. गुठळी झाली की तिथेच तुटतो. आमचा अजून तुटतो. त्यात मला कधी लाज वाटली नव्हती.

सोमवारी गिऱ्हाइकं आली. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी त्यांना दोर हवेत. साहेबांनी आमच्या काळ्या दोराला मोटारीचं इंजिन टांगलं. दोर हूं की चूं नाही! टाळ्या पडल्या. मी मात्र गार पडले. असा दोर मी बनवलाच नव्हता.

पाहुणे चहाला गेल्यावर मी तो कापला. आत पोलादी तार, वर आमच्या तंतूंचं नुसतं वेष्टन.

"विकतानाही तार घालणार?" मी साहेबांना विचारलं.

"वेडी का तू? हलका म्हणून तर घेतायत."

"आणि माणूस पडला तर?"

ते केक खात होते. बोटं चाटत म्हणाले, "त्याने पट्टा नीट बांधला नसेल. चौकशीत तेच निघतं."

मी बेसिनवर जाऊन भडाभडा ओकले.

साहेब म्हणतेय मी. भाऊजी हा शब्द तोंडात नको वाटतो.

"ताईच्या संसारात बिब्बा घालू नकोस," असं मागून ओरडले. तरी मी ती तार नेऊन पाहुण्यांच्या कपबशांमध्ये ठेवली. ते उठून गेले, सौदा मोडला. माझी नोकरीही गेली. हे सगळं तुला त्यांनी सांगितलंच असेल, आपल्या पद्धतीने.

एक मात्र सांगितलं नसेल, कारण ते माझ्याशिवाय कुणाला ओळखू येणार नाही. वेष्टन सुटू नये म्हणून दोराच्या टोकाला धागा बांधला होता. दोन वेढे उलटे, मग आतून ओढलेली गाठ. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू तशाच बांधायचीस.

तुला ठाऊक होतं का, असं विचारत नाही.

छोटीला पापा. खाली 'तुझी' लिहायला हात धजत नाही.

धाकटी